पोपट पुन्हा 'हंगामात' आलाय? उपाय का टिकत नाहीत आणि ते कसे टिकवायचे

तक्रार साधारण अशी असते. गेल्या वेळी झोप वाढवली, खाणं बदललं, पंधरा दिवसांत पक्षी ताळ्यावर आला. आता पुन्हा तेच. पिंजऱ्याशी हात गेला की चोच अंगावर येते, संध्याकाळी कर्कश ओरडणं सुरू होतं, पक्षी सोफ्याखालून बाहेर यायला तयार नसतो. नाहीतर कॉकाटीलच्या (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाच्या) मादीने वर्षातली चौथी खेप अंडी घातलेली असते. मग उपायच चुकला असं वाटू लागतं. बहुतेक वेळा उपाय बरोबर असतो, पण एकटा पडलेला असतो. विणीची वेळ झाली असं पक्ष्याला सांगणाऱ्या चार-पाच खुणा घरात एकाच वेळी चालू असतात. एक बंद केली की जोर ओसरतो, बाकीच्या चालूच राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांत ये रे माझ्या मागल्या.

त्यामुळे पुढची सगळी मांडणी एका पद्धतीवर उभी आहे: सगळ्या खुणा एकाच दिवशी बंद करायच्या, 21 दिवस कडक पाळायचं आणि मग एकेक गोष्ट परत देऊन नेमकी कोणती खुण तुमच्या पक्ष्याला भिडते ते शोधायचं.

हे हार्मोनच आहे ना?

चिडक्या पोपटाला सरसकट 'हंगामात आला' म्हणायची सवय वाईट. पिसं झडून नवी येताना टोकं टोचत असतात, तेव्हा मान खाजवून घेणारा पक्षीही हात झिडकारतो. पोटात दुखणारा पक्षीही चावतो. विणीचं वागणं वेगळं ओळखू येतं, कारण ते जागेला, वस्तूला किंवा माणसाला चिकटलेलं असतं. दुसऱ्या खोलीत शांतपणे हातावर चढणारा पक्षी पिंजऱ्याच्या दाराशी रक्त काढत असेल, तर तो जागा राखतोय. एका माणसाशी लाडीगोडी आणि घरातल्या बाकीच्यांवर झडप असेल, तर त्या माणसाला त्याने जोडीदार धरलंय.

मादी पाठ सपाट करून खाली वाकते, शेपटी उचलते, पंख सैल सोडून थरथरवते आणि बारीक कुरकुर करते. नर छाती काढून चालतो, शेपटी पंख्यासारखी पसरतो, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या करतो, दांडीवर किंवा खेळण्यावर मागचा भाग घासतो. कागद फाडणं, अंधारे कोपरे धुंडाळणं आणि आवडत्या माणसासमोर अन्न वर आणणं हे दोघंही करतात.

यातली शेवटची गोष्ट नीट पाहा, कारण इथेच आजार आणि प्रेम यांची गल्लत होते. भरवण्यासाठी अन्न वर आणणारा पक्षी मान लयीत वर-खाली करतो, डोळे तुमच्यावर रोखलेले असतात आणि अन्न तो एका जागी, हातावर किंवा खेळण्यावर, जपून ठेवतो. उलटी करणारा पक्षी डोकं झटकतो. अन्न आजूबाजूला उडतं, डोक्याची पिसं चिकट होतात आणि त्यानंतर पक्षी मलूल बसतो. दुसरा प्रकार दिसला तर हा लेख बाजूला ठेवा आणि पक्ष्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जा.

बजीच्या बाबतीत चोचीच्या वरचा मांसल भाग पाहायचा. (बोलताना अनेक जण बजीलाच लव्हबर्ड म्हणतात. इथे लव्हबर्ड म्हणजे आखूड शेपटीचा, जाडसर चोचीचा वेगळा पक्षी.) विणीवर आलेल्या मादीचा हा भाग तपकिरी आणि खरबरीत होतो, ते नैसर्गिक आहे. प्रौढ नराचा निळा भाग तपकिरी पडू लागला तर मात्र तो हंगाम नव्हे. वृषणाच्या गाठीतून मादीचं हार्मोन तयार होत असल्याचं ते लक्षण असू शकतं. पूर्ण पिवळ्या किंवा पूर्ण पांढऱ्या जातीच्या नरांमध्ये हा भाग मुळातच निळा होत नाही, गुलाबी-जांभळट राहतो, त्यामुळे तिथे निळ्याची वाट पाहू नका.

वयही लक्षात घ्या. बजी सहा ते नऊ महिन्यांत वयात येतो, कॉकाटील आणि लव्हबर्ड साधारण वर्षाच्या आतबाहेर, रिंगनेक दोन-तीन वर्षांनी, आफ्रिकन ग्रे आणि ॲमेझॉन तीन ते पाच वर्षांनी, मोठे मकाव आणखी उशिरा. 'चार वर्षं देवमाणूस होता, अचानक काय झालं' या प्रश्नाचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

मेंदू काय वाचतो

रानात वीण हा जिवावरचा खेळ आहे. मादीच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांत जातं, पिल्लं वाढवताना दोघांची दमछाक होते. म्हणून पक्ष्याचं शरीर हे काम परिस्थिती अनुकूल दिसल्याशिवाय हाती घेत नाही. दिवस मोठा हवा, अन्न मुबलक आणि सकस हवं, बिळासारखी सुरक्षित जागा हवी, जोडीदार हवा. घरात काय होतं पाहा: रात्री अकरापर्यंत दिवे, चोवीस तास भरलेली वाटी, पिंजऱ्यात टांगलेलं मऊ घरटं आणि पाठीवरून फिरणारा माणसाचा हात. आपण प्रेमाने जे जे देतो, त्याची बेरीज पक्ष्याला विणीचं आमंत्रण वाटते. दोष पक्ष्याच्या स्वभावाचा नसतो आणि शिक्षा करून तो जाणारही नाही.

जातीनुसार या खुणांचं वजन बदलतं. बजी आणि कॉकाटील हे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले पक्षी. तिथे पावसाचा नेम नाही, म्हणून पाऊस होऊन गवताचं बी आलं की ते लगेच विणीला लागतात, महिना कोणताही असो. अशा पक्ष्याच्या लेखी भरलेली वाटी म्हणजे कायमचा सुकाळ, आणि घरात त्यांचा 'हंगाम' बाराही महिने चालू शकतो. विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकन ग्रेला वर्षभर जवळपास सारखाच दिवस माहीत असतो. त्याच्याबाबत नुसता अंधार वाढवून फारसं हाती लागत नाही; बीळ आणि माणसाशी असलेली जवळीक यांवर जास्त काम करावं लागतं.

उजेड: इथे सगळ्यात जास्त फसगत होते

'आम्ही रोज आठ वाजता कापड टाकतो' हे ऐकून समाधान मानू नका. पक्ष्यांना दिवसाची लांबी फक्त डोळ्यांनी कळते असं नाही. मेंदूच्या आत खोलवर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पोहोचतो. पातळ कापडाआडून टीव्हीचा लखलखाट येत असेल तर त्या पक्ष्याचा दिवस टीव्ही बंद होईपर्यंत चालू आहे. शिवाय चारही बाजूंनी गुंडाळलेला पिंजरा ही आतून एक गुहाच होते, म्हणजे एक खुण बंद करताना दुसरी सुरू. खोलीच अंधारी करणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर झोपेसाठी शांत खोलीत एक छोटा वेगळा पिंजरा ठेवा. त्यात दोन दांड्या आणि पाणी एवढंच असावं. याचा दुसरा फायदा असा की दिवसाच्या पिंजऱ्यावरची मालकीही सैल होते.

अंधार पुरेसा आहे का, हे तपासायची सोपी रीत: दिवे बंद करून त्या खोलीत पाच मिनिटं बसा. डोळे सरावल्यावर वर्तमानपत्राचा मथळा वाचता आला तर खोली अंधारी नाही. पहाटेही एकदा पाहा. रात्रीची शिस्त उत्तम असते आणि पहाटे खिडकीतून उजेड आत येतो, ही गळती कुणाच्या ध्यानातच येत नाही.

21 दिवसांसाठी 10 तास उजेड आणि 14 तास सलग अंधार ठेवा. उदाहरणार्थ, संध्याकाळी सहाला निजानीज आणि सकाळी आठला उजाडणं. एकदम उडी मारू नका, रोज अर्ध्या तासाने सरका. लहान पक्ष्यांसाठी दिवस दहा तासांपेक्षा कमी करायचा नाही. बजीच्या अंगात साठा कमी, त्याला खायला वेळ लागतो. अंधार सलगच हवा. मध्यरात्री कुणी स्वयंपाकघराचा दिवा लावला आणि तो पिंजऱ्यावर पडला तर रात्र मोडली.

कॉकाटील पाळणाऱ्यांसाठी एक अडचण: हा पक्षी काळोखात दचकून पिंजऱ्यात धडपडतो, पंखांची रक्ताने भरलेली नवी पिसं मोडून घेतो. त्याच्यासाठी जमिनीलगत, पिंजऱ्याकडे पाठ केलेला, अगदी मिणमिणता दिवा चालेल. दांडी दिसण्यापुरता, त्याहून जास्त नाही.

वागणं निवळल्यावर 12 तास उजेड, 12 तास अंधार यावर या आणि वर्षभर तेच ठेवा. अनेक जातींत रोज थोडा थोडा वाढत जाणारा दिवस ही खुण असते. न बदलणारा दिवस तिचा जोर काढून घेतो. घड्याळाच्या आकड्यांपेक्षा सातत्याला किंमत आहे. सुट्टीच्या दोन दिवसांत रात्री बारापर्यंत पाहुण्यांत मिरवलेला पोपट पुढच्या आठवड्यात का चावतो, याचं कोडं मग पडत नाही.

बीळ

घरातली सगळी बिळं मोजायला बसलात तर आश्चर्य वाटेल. टांगलेली कापडी झोपडी, लाकडी पेटी, मडकं, नारळाची करवंटी, खोल वाटी, पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला कागद आणि त्याखालची फट, सोफ्याखालची जागा, उघडा खण, कपाटाचं अर्धवट दार, बुटांचं खोकं, पडद्याची घडी, तुमच्या शर्टाचा गळा, पांघरुणाखालची ऊब. लव्हबर्डची मादी उशी आणि भिंतीमधल्या चार बोटांच्या फटीलाही घर म्हणते.

कापडी झोपडी पहिल्यांदा काढा. तिची बाजू घेणारं आमच्यापाशी काहीच नाही. बहुतेक पोपट घरट्यात झोपत नाहीत, ते दांडीवर झोपतात. बिळात शिरतात ते बहुधा वीण आली म्हणून. त्यावर तिचे धागे चोथा होऊन पोटात जातात किंवा बोटांना गुंडाळले जातात, तो धोका वेगळाच. थंडीची भीती असेल तर खोली उबदार ठेवा.

पिंजऱ्याच्या तळाला जाळी बसवा म्हणजे कागद चोचीला लागणार नाही. खोल वाट्यांऐवजी उथळ वाट्या लावा. पक्षी मोकळा असताना फर्निचरखालच्या फटी पुठ्ठ्याने बंद करा. 'लक्ष ठेवू' यावर विसंबू नका, लक्ष राहत नाही. दर चार-पाच दिवसांनी दांड्या आणि खेळणी यांच्या जागा बदला, शक्य असेल तर पिंजराही खोलीच्या दुसऱ्या बाजूला न्या. सारखी बदलणारी जागा घरट्यासाठी भरवशाची वाटत नाही. यात दोन अपवाद आहेत: मुळातच भित्रा किंवा पिसं उपटणारा पक्षी असेल तर बदल छोटे आणि सावकाश करा, आणि मादी अंड्यांवर बसली असेल तर काहीच हलवू नका.

जातीच्या खोडीही इथे उपयोगी पडतात. पीचमुखी लव्हबर्डची मादी कागदाच्या कडेला चोचीने टिकट फाडल्यासारखी ओळीने भोकं पाडते, लांब पट्टी सोडवते, मान मागे वळवून ती कमरेच्या पिसांत खोचते आणि दुसऱ्या पट्टीला लागते. पाठीला चार पट्ट्या खोचलेली मादी 'कागदाशी खेळत' नसते, ती सामान वाहून नेत असते. तिच्या घरातून कागद, पुठ्ठा आणि ताडपानांची खेळणी बाद. क्वेकर पोपट बिळात न राहता काड्या विणून घरटं करतो, त्याच्या बाबतीत काड्या आणि डहाळ्या काढायच्या. एक्लेक्टस पोपटाची मादी रानात कित्येक महिने ढोलीच्या तोंडाशी ठाण मांडून बसते. तिला एकदा कपाट सापडलं तर ती ते सहजी विसरत नाही, म्हणून कपाटाला कडी.

खाणं

इथे उपाशी ठेवणं हा हेतू नाही. 'सुकाळ आहे' हा निरोप थांबवायचा आहे. त्यासाठी आधी पक्षी किती खातो ते मोजा. तीन दिवस वाटीत तोलून खाणं घाला, 24 तासांनी फुंकर मारून टरफलं उडवा, उरलेलं तोला, वजा करा. तीन दिवसांची सरासरी हा त्याचा रोजचा आहार. तो सकाळ-संध्याकाळ दोन भागांत द्यायचा आणि मधल्या वेळेत वाटी भरलेली ठेवायची नाही. बजी आणि तेवढ्याच लहान पक्ष्यांना दिवसा तीन-चार तासांहून जास्त रिकामं ठेवू नये. त्यांच्यासाठी गोळी खाद्य (तयार मिळणारे पेलेट) कायम ठेवा आणि फक्त बियांचं माप धरा.

सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, सुकामेवा 21 दिवस पूर्ण बंद, नाहीतर शिकवणीच्या वेळी बक्षीस म्हणून दोन-चार दाणे. गोड फळं कमी, पालेभाज्या, गाजर, भोपळा, ढोबळी मिरची जास्त. शिजवलेलं, गरम, मऊ लापशीसारखं काहीही नको. जोडीदार जे चोचीतून भरवतो त्याच्याशी त्याचं फार साम्य आहे. तोंडातला घास पोपटाला देणं तर दोन्हीकडून चूक. पक्ष्याच्या लेखी ते प्रणयाराधन असतं आणि माणसाच्या लाळेतले जंतू त्याला सोसत नाहीत.

फक्त बियांवर वाढलेला पक्षी गोळी खाद्यावर आणायचा असेल तर चार ते सहा आठवडे घ्या आणि तो बदल या 21 दिवसांत सुरू करू नका. अनेक पोपट अनोळखी गोळीला अन्न मानतच नाहीत आणि भरल्या वाटीसमोर उपाशी बसतात.

एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा वजनकाटा या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी साधन आहे. रोज सकाळी, पहिली शिट टाकल्यानंतर आणि खाण्याआधी वजन घ्या. 90 ग्रॅमचं कॉकाटील 81 वर आलं म्हणजे दहा टक्के गेले. त्याआधीच थांबून माप वाढवायचं. उलट मादीचं वजन दोन-तीन दिवसांत काही ग्रॅमने चढलं, शिट मोठी आणि दुर्गंधीयुक्त झाली आणि ती तळाशी घुटमळू लागली तर अंडं वाटेवर आहे असं समजा.

हात

डोकं आणि मान. तेवढंच. पाठ, पंखाखाली, पोट, शेपटीचं मूळ इथे फक्त जोडीदाराचा स्पर्श होतो. पाठीवरून हात फिरवला की पक्षी 'किती शांत होतो' असं वाटतं ना? मादी तेव्हा वाकून शेपटी उचलत असते, ती शांतता नव्हे.

पक्ष्याने हातावर अन्न वर आणायला किंवा मागचा भाग घासायला सुरुवात केली तर ओरडू नका, हसू नका, 'नको रे' असंही म्हणू नका. न बोलता जवळच्या दांडीवर ठेवा, पाठ फिरवा, दोन मिनिटांनी परत या आणि काहीतरी काम द्या. काडीच्या टोकाला चोच लावली की एक दाणा, असा पाच मिनिटांचा खेळ दिवसातून दोन-तीनदा पुरतो. ही पायरी गाळून नुसते लाड कमी केले तर पक्षी एकटा पडतो आणि ओरडण्याची किंवा पिसं उपटण्याची नवी समस्या उभी राहते. ज्या माणसाला त्याने जोडीदार धरलंय, त्याने या काळात खांद्यावर घ्यायचं नाही आणि खाणं घरातल्या इतरांनी द्यायचं. खांद्यावरचा पक्षी तिसरा माणूस जवळ आला की कधी कधी 'आपल्याच' माणसाचा कान फोडतो. जोडीदाराला धोक्यापासून पळवून लावायची ती त्याची रीत आहे.

आरसा काढा. एखाद्या ठरावीक खेळण्यालाच पक्षी भरवत असेल तर तेही काढा. 'जोडीदार आणून दे, शांत होईल' हा सल्ला मनावर घेऊ नका. एक तर दोघांचं पटेलच असं नाही, आणि पटलं तर खुणांच्या यादीत खराखुरा जोडीदार जमा होतो.

चावा टाळण्यासाठी सोपा नियम: पिंजऱ्यात हात घालायचा तो पक्षी बाहेर असतानाच. काडीवर चढवून बाहेर काढा, दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, मग वाट्या बदला. पंख कापल्याने हार्मोन कमी होत नाहीत. उडणाऱ्या पक्ष्याची ताकद कुठेतरी खर्च होते, त्यामुळे जमेल तितकं उडवा.

अंडी आलीच तर

आधी एक शंका मिटवू. नर नसतानाही मादी अंडी घालते, कोंबडीसारखीच. ती फळत नाहीत इतकंच.

इथली हमखास चूक म्हणजे अंडं दिसलं की उचलून टाकणं. मादीचं शरीर घरट्यातली अंडी 'मोजतं'. कमी पडली की भरपाई करतं. कॉकाटील एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालून थांबते. रोज उचललीत तर ती दहा-बाराही घालते आणि प्रत्येक कवचाचं कॅल्शियम तिच्या हाडांतून जातं. म्हणून अंडी राहू द्या. नर सोबत असेल तर प्रत्येक अंडं त्याच दिवशी त्याच आकाराच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खोट्या अंड्याने बदला. खोटी नसतील तर खरं अंडं उकडून, पूर्ण गार करून, पेन्सिलने खुण करून परत ठेवा. तडकलेलं मात्र काढून टाका, ते सडतं.

मग तिला बसू द्या. उबवणीचा काळ बजीमध्ये साधारण 18 दिवस, कॉकाटीलमध्ये 18 ते 21, लव्हबर्डमध्ये 22-23 दिवस असतो. खुडूक बसलेली मादी तेवढे दिवस आणि वर थोडे बसते, मग कंटाळून उठते. दोन दिवस अंड्यांकडे फिरकली नाही की ती काढून टाका. मात्र बसण्यासाठी पेटी किंवा कापूस देऊ नका. जिथे अंडी घातली तिथेच, पिंजऱ्याच्या तळाशी. अंधाराचं वेळापत्रक चालू ठेवा, पण खाण्याचं माप आता सैल करा. अंडी घालत असलेल्या मादीला तोलूनमापून देणं चुकीचं. समुद्रफेस (कटलबोन) कायम टांगलेला हवा. त्यातलं कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण जवळपास नसतातच. जाळीआडून थेट कोवळं ऊन, सोबत सावलीचा कोपरा, हे उत्तम. मुख्य आहार गोळी खाद्याचा असेल तर त्यात ड आधीच घातलेलं असतं, वर थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्तीचं मूत्रपिंडाला बाधतं.

'एकदाची घालू दे, मग वर्षभर शांत होईल' हे खरं नाही. खुणा तशाच राहिल्या तर दीड-दोन महिन्यांत पुढची खेप येते.

अंडं अडकलं तर हा घरचा विषय उरत नाही. मादी पिसं फुगवून तळाशी बसते, पाय फाकवून जोर लावते, श्वासाबरोबर शेपटी हलते, पोट फुगतं, शिट थांबते. कधी एक पाय लुळा पडतो, कारण अंडं नसेवर दाबतं. असा जोर लावताना दिसल्यापासून दोन-तीन तासांत अंडं आलं नाही, किंवा ती दांडीवर बसूच शकत नाही, तर लगेच निघा. वाटेत खोकं 29 ते 32 अंशांपर्यंत उबदार, थोडं दमट आणि अंधारं ठेवा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, तेल सोडू नका. आत अंडं फुटलं तर मादी हातची जाते.

21 दिवस झाले, फरक नाही

वहीत रोजच्या चार नोंदी असतील तर गळती पटकन सापडते: दिवे कधी गेले आणि आले, वजन, काय खाल्लं, कुणाला कुठे चावला. चावे फक्त पिंजऱ्यापाशी असतील तर बिळाकडे पाहा, कुठली तरी फट राहून गेलीय. एकाच माणसाच्या अवतीभवती असतील तर त्या माणसाला विचारा. तो चोरून पाठीवरून हात फिरवतोय असं निघण्याची शक्यता दांडगी आहे. पहाटेचा आरडाओरडा असेल तर पडदे. घरातल्या एकाने नियम पाळला नाही तर तो कुणीच न पाळल्यासारखा होतो, म्हणून नियम कागदावर लिहून पिंजऱ्याशेजारी लावलेले बरे.

सगळं काटेकोर पाळूनही मादी अंडी घालतच असेल, पक्षी स्वतःची पिसं उपटत किंवा कातडी फोडत असेल, तर डॉक्टरांकडे हार्मोन दाबणारी औषधं आहेत. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन काही आठवडे काम करतं, कातडीखाली बसवायची डेस्लोरेलिनची कांडी काही महिने. दोन्ही मेंदूकडून येणारा हुकूम थोपवतात, खुणा काढत नाहीत. त्यामुळे औषधाचा काळ ही घर बदलायला मिळालेली सवलत समजा; घर तसंच राहिलं तर असर उतरताच पहिले पाढे पंचावन्न. अंडनलिका काढायची शस्त्रक्रिया अगदी शेवटचा पर्याय, कारण बीजकोश मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेला असतो आणि तो सुरक्षितपणे पूर्ण काढता येत नाही. मोठ्या पांढऱ्या कोकाटूत शेपटीखालून लालसर मांस बाहेर डोकावताना दिसलं, मग ते परत आत गेलं तरीही, त्याच दिवशी दाखवा.

फरक पडला असेल तर परत देण्याचा क्रम असा. पहिल्यांदा उजेड, रोज पंधरा मिनिटांनी वाढवत 12 तासांपर्यंत. मग एक आठवडा थांबून वही पाहा. त्यानंतर खाण्यातला एखादा आवडता पदार्थ, पुन्हा एक आठवडा. मग कागदाची खेळणी, लव्हबर्ड सोडून. ज्या आठवड्यात शेपटी उचलणं किंवा कोपरे धुंडाळणं परत दिसेल, त्या आठवड्यात दिलेली गोष्ट ही तुमच्या पक्ष्याची दुखरी नस. ती काढा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. आरसा, कापडी झोपडी आणि पाठीवरचा हात या तीन गोष्टी परत देण्याच्या यादीत नाहीत.